अमेरिकेचा अर्ज बेळगावातून: आधी सगळे कागद एका तोंडानं बोलू देत

यळ्ळूरची एक मुलगी गणपतीच्या सुट्टीत माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत तिचीच पाच नावं होती. दहावीच्या मार्क्स कार्डावर वडिलांच्या ‘मारुती’सकट पूर्ण नाव, पण त्यातला ‘ती’ टी-एच-आय असा दाक्षिणात्य. पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, कार्डावर तोच मारुती टी-आय. इंजिनिअरिंगच्या ग्रेड कार्डावर वडील नुसते ‘एम’ होऊन मधे अडकलेले. आधारवर वडील गायब. आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, सगळं नाव दुसऱ्याच रकान्यात एका ओळीत. जीआरई ही अमेरिकेसाठीची प्रवेशपरीक्षा पंधरा दिवसांवर. “सर, एवढ्यानं काय होतंय?”

होतं. नोंदणीतलं नाव आणि हातातल्या ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि वीस हजारांच्या वरची फी बुडते ती वेगळीच.

मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. काही वर्षांपासून संध्याकाळी अशी मुलं घरी येतात. फी घेत नाही, चहा माझाच. इतक्या मुलांचे अर्ज पाहून माझं एक मत बनलंय: आपल्या भागातल्या मुलांचं घोडं इंग्रजीपाशी कमी आणि कागदांपाशी जास्त अडतं. घरी मराठी, तहसीलदार कचेरीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी. प्रत्येक कचेरीनं आपलं नाव आपापल्या कानानं ऐकून लिहून ठेवलंय. म्हणून हा लेख परीक्षेपासून सुरू न होता कागदांपासून होतो. मुख्यतः तो पदवीनंतर एमएसला, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर पदवीला, जाणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय.

आधी दिनदर्शिका

अमेरिकेतलं मुख्य सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं. एमएसचे बरेचसे अर्ज आदल्या डिसेंबरपासून मार्चपर्यंत घेतात. पीएचडीचे आणि विद्यापीठाकडून पैशाची मदत हवी असणाऱ्यांचे बहुधा डिसेंबरातच बंद होतात. इथून मागं मोजा. नाताळच्या आत अर्ज गेले पाहिजेत, दसरा-दिवाळीत लिखाण, पावसाळ्यात विद्यापीठांची यादी, मे-जूनमध्ये परीक्षा. मग कागदांना उरतात फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल. चार वर्षांच्या बीईवाल्यानं सहाव्या सेमिस्टरातच हात घातला पाहिजे. आठव्या सेमिस्टरात येऊन “याच वर्षी जायचंय” म्हणणारे दरवर्षी भेटतात. त्यांना मी एक वर्ष नोकरी करायला सांगतो. निम्मे माझ्यावर रागावतात.

पासपोर्ट हा मधला खांब

सगळी नावं एकदम सरळ करायला जाऊ नका, त्यात वर्ष जाईल. पासपोर्ट सरळ करा आणि पुढचा प्रत्येक फॉर्म पासपोर्टकडे बघून भरा: जीआरई, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाचा अर्ज, बँक, व्हिसा.

पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा आणि नावाचा असे दोन रकाने असतात. आडनावाच्या रकान्यात आडनाव, दुसऱ्यात स्वतःचं नाव, आणि हवं तर त्यालाच जोडून वडिलांचं. आडनावाचा रकाना मोकळा सोडलात तर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचं अख्खं नाव आडनाव बनतं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी तीन अक्षरं छापली जातात, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’. पुढं तिथल्या बँकेत आणि कॉलेजच्या ओळखपत्रावर पोरगी ‘फ्नू’ होऊन बसते. यळ्ळूरच्या मुलीनं परीक्षेची तारीख पुढं ढकलली, थोडे पैसे गेले, आणि आडनाव वेगळं करून नवा पासपोर्ट घेतला. त्यासाठी बेंगळुरूला जावं लागत नाही. बेळगावच्या पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे.

मार्क्स कार्डांचं काय? जन्मतारीख चुकली असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे जाऊन ती दुरुस्त करून घ्याच. नुसतं एखादं अक्षर इकडचं तिकडं असेल तर मी तरी दहावीच्या कार्डामागं धावायला सांगत नाही. एमएसच्या अर्जात ते कार्ड क्वचितच मागतात. ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं इंग्रजीत अ‍ॅफिडेव्हिट नोटरीकडून करून ठेवा, आणि अर्जात ‘इतर नावं’ असा रकाना असतो तिथं जुनं नाव प्रामाणिकपणे लिहा. पदवीच्या प्रमाणपत्रावर मात्र नाव बरोबर छापून येईल हे अंतिम वर्षाचा परीक्षा फॉर्म भरतानाच बघा. नंतरची दुरुस्ती म्हणजे खेटे.

गावाच्या नावाची मुलांना उगीच धास्ती असते. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी आलं. त्याआधीच्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत बेलगाम आहे. यानं काही अडत नाही. जन्मगाव पासपोर्टवर जसं आहे तसं लिहायचं. आणि हो, राज्याच्या रकान्यात कर्नाटकच. एका पोरानं तिथं महाराष्ट्र लिहिलं होतं. त्याच्या आजोबांना मी नमस्कार सांगितला आणि रकाना बदलायला लावला. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथंच लढू दे. पिनकोड ५९० नं सुरू होतो आणि राज्य दुसरंच, असा फॉर्म बघून पलीकडचा माणूस फक्त गोंधळतो.

वडिलांचेही कागद बघा, कारण पैसे बहुधा त्यांच्या नावावर असतात. पॅनवर एक नाव, पासबुकावर दुसरं, आणि शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख तिसरीकडं वेगळी, हे घरोघरी आहे. बँक कर्जाच्या वेळी तेच पहिलं काढते.

मार्कांचे कागद

तुमचं विद्यापीठ कोणतं ते आधी नक्की करा. इंजिनिअरिंगचं व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, बेळगावजवळ मच्छ्याच्या ज्ञानसंगमात. राज्यभरातली मुलं जिथं गाडीभाडं खर्चून येतात तिथं आपली सिटी बसनं जातात, एवढं एक नशीब. बीएस्सी, बीकॉमवाल्यांचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. त्याआधीच्या पदवीधरांना धारवाडला जावं लागतं. कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला शिकलेल्यांचं शिवाजी विद्यापीठ. कॉलेज स्वायत्त असेल तर ग्रेड कार्ड कॉलेजचं आणि पदवी विद्यापीठाची असते, तेव्हा ट्रान्सस्क्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सेमिस्टरांच्या गुणांच्या एकत्र उताऱ्यावर, कुणाचा शिक्का चालतो ते अर्जाच्या पानावर वाचून घ्या.

सीलबंद पाकिटांवर सुरुवातीलाच पैसे घालू नका. बहुतेक विद्यापीठं अर्जाच्या वेळी स्कॅन केलेली प्रत अपलोड करून घेतात आणि सीलबंद प्रत प्रवेश मिळाल्यावर मागतात. डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून गुणांचं मूल्यमापन मागितलं असेल तरच करा. आणि सीजीपीएचं चारच्या पट्टीवर स्वतः रूपांतर करू नका. जसं छापलंय तसं, दहापैकी म्हणून लिहा. बॅकलॉग असेल तर तो ट्रान्सस्क्रिप्टवर दिसतोच, लपवायचा प्रयत्न हाच खरा घातक.

तीन वर्षांच्या पदवीवाल्यांसाठी एक गाठ आहे. अमेरिकेत पदवी चार वर्षांची, त्यामुळे काही विद्यापीठं तीन वर्षांची थेट घेत नाहीत, काही घेतात. कर्नाटकात २०२१ ला चार वर्षांचा ऑनर्स सुरू झाला आणि २०२४ ला सरकार पुन्हा तीन वर्षांवर आलं. मधल्या तुकडीतल्या ज्यांनी चौथं वर्ष केलं त्यांना ते इथं उपयोगी पडतं. बाकीच्यांनी एमएस्सी किंवा एमसीए करून जावं, नाहीतर तीन वर्षांची पदवी चालते असं लेखी सांगणारीच विद्यापीठं निवडावीत.

परीक्षा

यावर इंटरनेटवर भरपूर आहे, म्हणून थोडक्यात. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते, गुण २६० ते ३४०, पाच वर्षं चालतात. अनेक विभागांनी ती ऐच्छिक केली आहे. पण कमी नावाजलेल्या कॉलेजच्या मुलानं ती द्यावी असं माझं मत आहे, कारण तिथल्या समितीला आपलं कॉलेज माहीत नसतं, आकडा कळतो. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा काही ठिकाणी ड्युओलिंगो. टोफेल आणि आयईएलटीएसचे गुण दोन वर्षंच ग्राह्य. टोफेलची पट्टी जानेवारी २०२६ पासून १ ते ६ अशी झाली आहे, काही काळ जुना १२० चा आकडाही सोबत देतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना वाचन जमतं आणि बोलणं अडतं. रोज दहा मिनिटं मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. पहिले आठ दिवस लाज वाटते.

यादी, आणि काँग्रेस रोडवरचा काचेचा केबिन

आठ ते दहा विद्यापीठं पुरेत. प्रत्येक अर्जाला साधारण पन्नास ते सव्वाशे डॉलर फी लागते. दोन-तीन अवघड, चार आवाक्यातली, दोन हमखास. रँकिंग बघण्याआधी विभागाच्या पानावर जाऊन विषय कोणते आणि शिकवतं कोण ते वाचा. संस्थेला परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी, म्हणजे एसईव्हीपीची मान्यता आहे का, ते अमेरिकन सरकारच्याच ‘स्टडी इन द स्टेट्स’ या संकेतस्थळावर शोधता येतं. पण तेवढ्यावर थांबू नका. मिशिगनमधलं ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ तर अमेरिकन सरकारनंच सापळा म्हणून उभं केलं होतं. २०१९ मध्ये ते उघड झालं तेव्हा अडकलेल्यांत बहुतेक भारतीय मुलं होती. जिथं वर्ग भरत नाहीत आणि पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ नोकरीचं आमिष आहे, तिथं जाऊ नका.

काँग्रेस रोडवरच्या काचेच्या केबिनमधल्या कन्सल्टन्सीबद्दल मुलं विचारतात. एजंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळत असेल तर तो तुम्हाला त्याच विद्यापीठांकडं वळवणार, हा साधा व्यवहार आहे. “आमच्याकडून फुकट” याचा अर्थ तोच. जायचंच असेल तर दोन गोष्टी हातातून सोडू नका: अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड तुमचाच हवा, आणि एसओपी, म्हणजे आपण काय केलं आणि पुढं काय का शिकायचंय ते सांगणारा निबंध, त्यांना लिहू द्यायची नाही. अमेरिकन परराष्ट्र खात्याची ‘एज्युकेशन यूएसए’ ही सेवा खरोखर मोफत आहे. आधी तिथं विचारा.

एसओपी: वाळू कुठली होती ते लिही

एका मेकॅनिकलच्या मुलाच्या मसुद्याची पहिली ओळ होती: लहानपणापासून मला यंत्रांचं प्रचंड आकर्षण होतं. मी विचारलं, वडील काय करतात? “उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, मोल्डिंगला.” मग तू तिथं कधी गेलायस काय? पोरगा खुलला. पावसाळ्यात कास्टिंगचं रिजेक्शन वाढतं, वडील वैतागून घरी येतात, कारण वाळूत ओल जास्त झाली की वाफ आत अडकते आणि ब्लो होल पडतात. यानं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तीन आठवडे रोज सकाळी सहाला जाऊन वाळूचे नमुने घेतले, ओल मोजली, आणि त्या दिवशीच्या नापास कास्टिंगशी ताडून पाहिली. हे मसुद्यात कुठंच नव्हतं! का? “सर, ते साधंच आहे की.”

ते साधंच लिहायचं असतं. पहिल्या परिच्छेदात वाळू, दुसऱ्यात काय मोजलं आणि कुठं चुकलं (त्याचे पहिल्या आठवड्याचे आकडे फुकट गेले होते, कारण नमुना उघड्या डब्यात ठेवला होता, तेही लिहायला लावलं), तिसऱ्यात आता पुढं काय शिकायचंय, चौथ्यात ते याच विद्यापीठात का. प्राध्यापकाचं नाव घालायचं तर त्यांचा निदान एक पेपर वाचून घाला. फक्त नाव बदलून दहा ठिकाणी पाठवलेली एसओपी ओळखू येते, यंत्राकडून लिहून घेतलेली तर लगेच. लांबी दीड-दोन पानं. दारिद्र्याची कहाणी सांगून पाझर फोडायचा प्रयत्न नको. फाउंड्रीतला बाप ही दयेची गोष्ट नाही, ती तुमची प्रयोगशाळा आहे.

शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. मीही शिक्षकच आहे म्हणून सांगतो, आमच्यातले कितीतरी जण “तूच लिहून आण, सही करतो” म्हणतात. तिन्ही पत्रांची भाषा मग एकसारखी होते आणि तिथं ती पकडली जाते. त्याऐवजी सरांना एक पान मुद्दे द्या: कोणता विषय, कोणता प्रोजेक्ट, काय अडलं, काय सोडवलं. महिनाभर आधी विचारा. पत्र सर स्वतः ऑनलाइन चढवतात, त्यासाठी त्यांचा कॉलेजचा ईमेल द्यायचा, जीमेल नव्हे.

पैसे

इथं बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडची घरं अडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

सरकारी विद्यापीठात फी आणि राहणं-खाणं धरून वर्षाला साधारण पस्तीस ते साठ हजार डॉलर लागतात. प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ आय-२० नावाचा फॉर्म देतं. त्यासाठी निदान पहिल्या वर्षाचा खर्च भागेल इतके पैसे दाखवावे लागतात, आणि ते हाताशी असलेले हवेत: बचत खातं, बँकेतली मुदत ठेव, मंजूर कर्जाचं पत्र. शेत, घर आणि सोनं यात धरत नाहीत. आपल्याकडं वडिलधाऱ्यांचा पैसा सोसायटीत असतो, ठेवीची पावती मराठीत नाहीतर कन्नडमध्ये. बऱ्याच विद्यापीठांना ती चालत नाही. मुदत संपेल तशी ती रक्कम बँकेत आणून ठेवा, सहा महिने आधीपासून. शेवटच्या आठवड्यात खात्यात अचानक वीस लाख आले की प्रश्न विचारले जातात.

कर्जाला तारण म्हणून शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत. “आठ एकर ऊस आहे सर,” असं सांगणाऱ्या घराला कर्ज नाकारलेलं मी पाहिलंय. एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट, फ्लॅट किंवा घर लागतं. शहरातल्या घराला सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा, ग्रामपंचायतीतल्या घराला ई-स्वत्तूचा ९ आणि ११ नंबरचा फॉर्म, आणि दोन्हीला सब-रजिस्ट्रारकडचा बोजाचा दाखला, ज्याला सगळे ईसी म्हणतात. आता खरी मेख: उतारा अजून आजोबांच्या नावावर, चार काका, दोन आत्या, आणि वाटणी झालेली नाही. हे निस्तरायला महिने जातात आणि जुनी भांडणं वर येतात. म्हणून मुलगा जीआरईचा अभ्यास करत असतानाच वडिलांनी उताऱ्याकडं बघावं. तारण नसेल तर बिगर-बँक वित्तसंस्था कर्ज देतात, पण व्याज चढं असतं.

केंद्राची ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना देशातल्या संस्थांसाठी आहे, अमेरिकेला चालत नाही. नाव ऐकून कितीजण फसतात! अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, वर्षाला १२५ जागा, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत. राज्यांच्या योजनांना रहिवासाची अट असते. कर्नाटकातला जातीचा दाखला घेऊन महाराष्ट्राच्या योजनेला जाऊन उपयोग नाही. आधी कर्नाटकातलीच महामंडळं विचारा. चार वर्षांची पदवी आणि तीन वर्षं नोकरी झालेल्यांनी फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीच्या अटी वाचाव्यात.

फी बाहेर पाठवताना स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांच्या वर गेलं की बँक टीसीएस हा कर कापते, तो विवरणपत्र भरून परत मिळतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो लागत नाही.

तिकडं सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं, पण हे पैसे बजेटात धरू नका. शिक्षणानंतर एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी दोन वर्षं कामाची मुभा असते. त्यापुढचं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचं गणित डळमळीत आहे. सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी आली. कर्ज इथल्या पगारातून फेडावं लागलं तर हप्ता किती, तो आकडा एकदा वडिलांसमोर बसून काढा.

बारावीनंतर जायचं असेल तर

कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जावर, १ ऑगस्टपासून फॉर्म उघडतो, जास्तीत जास्त वीस कॉलेजं. आपल्या पीयू कॉलेजात समुपदेशक नसतो, ते काम प्राचार्यांनी करायचं असतं. त्यांना हे आधी समजावून सांगा, कॉलेजचा ईमेल चालू आहे का बघा. खर्च चार वर्षांचा. परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश ठरवणाऱ्या आणि मग गरजेइतकी पूर्ण मदत देणाऱ्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशा मोजक्याच संस्था आहेत, आणि तिथली चाळण फार बारीक. एरवी मी घरच्यांना इथंच पदवी करू द्या म्हणतो.

आय-२० हातात आल्यावर

मदतीसह प्रवेश मिळाला असेल तर उत्तराला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात, घाईनं होकार देऊ नका. विद्यापीठ ठरलं की क्रम असा: सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी ३५० डॉलर, डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म, व्हिसाची फी १८५ डॉलर, मग तारीख. २०२५ च्या कायद्यात आणखी २५० डॉलरची तरतूद आहे, ती वसुली सुरू झाली का ते भरण्याआधी बघा. डीएस-१६० मध्ये पाच वर्षांतली समाजमाध्यमांची खाती विचारतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती सार्वजनिक ठेवायला सांगितलंय. खातं लपवू नका.

बेंगळुरूच्या अमेरिकन वकिलातीचं जानेवारी २०२५ मध्ये उद्घाटन झालं. पण उद्घाटनाची बातमी वाचून बस पकडू नका, मुलाखत कुठं मिळते ते बुकिंगच्या पानावर दिसतं. आपल्याकडचे बहुतेक मुंबईला जातात. ठसे आणि मुलाखत वेगवेगळ्या दिवशी असतात, तेव्हा दादर-ठाण्याच्या नातेवाइकांना दोन रात्रींचं सांगून ठेवा. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची. सराव मी स्वयंपाकघरात घेतो. “पैसे कोण देणार?” “वडील.” “ते काय करतात?” “बिझनेस.” इथं मी थांबवतो. कसला बिझनेस? “खानापूरला वीटभट्टी आहे.” मग तसं म्हण की! किती वर्षं, किती माणसं, वर्षाला किती सुटतात, कर्ज किती. अधिकाऱ्याला पाठांतर नको असतं, नेमकं उत्तर हवं असतं. नकार आलाच तर बहुधा २१४(बी) लिहिलेला कागद देतात, म्हणजे तुम्ही परत याल याची खात्री पटली नाही असं सांगणारं कलम. पुन्हा अर्ज करता येतो, पण मधल्या काळात काहीतरी बदललेलं हवं.

आय-२० वरच्या तारखेच्या आधी तीस दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत उतरता येत नाही, तिकीट काढताना मोजा. पासपोर्ट, आय-२०, प्रवेशपत्र, कर्जाचं पत्र आणि लसीकरणाची नोंद हातातल्या बॅगेत, सामानात नाही. आणि आई कुंदा देणारच. तो दुधाचा आहे, नेण्याआधी अमेरिकन कस्टम्सचे नियम वाचा, आणि नेलात तर विचारल्यावर हो म्हणा, कारण खाण्याची वस्तू लपवली तर दंड होतो. यळ्ळूरच्या मुलीनं शेवटी चकल्या नेल्या. फॉर्मवर तिचं नाव मात्र सगळीकडं एकच होतं.